पासवर्डची वही सोडून बिटवॉर्डन: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत कपाटातली पासवर्डची वही काढली तर पानं एकमेकांना चिकटलेली. फोंड्याचा पावसाळा, इथे चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे वहीचं काय! बॉलपेनने लिहिलेलं शाबूत होतं, जेलपेनचे मात्र निळे ढग झालेले. जे दिसत होतं त्यातही शून्य की ओ, एक की एल, हे माझंच अक्षर मला लागेना. नेटबँकिंग लॉक झालं. त्याच रात्री बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ॲप घेतलं. फुकटात कितीही पासवर्ड ठेवता येतात, फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालतं. साठेक खाती भरण्यात दोन रविवार गेले, ते कंटाळवाणे होते.

खरा फायदा नोव्हेंबरात कळला. केवायसी संपल्याचा मेसेज आला, लिंक उघडली, पान हुबेहूब बँकेचं. पण एरवी बँकेच्या पानावर बिटवॉर्डन आपणहून पुढे करतं ते माझं खातं या वेळी येईना. ॲपच बिघडलं समजून मी पासवर्ड कॉपी करायला निघालो होतो, तेवढ्यात वरच्या पत्त्यावर नजर गेली. बँकेच्या नावात एक अक्षर जास्तीचं! ॲप पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळवतं. हातात वही असती तर मीच इमानेइतबारे टाइप करून दिला असता.

त्रास एकच झाला, पण घाम फोडणारा. रोज बोटाच्या ठशाने उघडायची सवय लागली आणि फेब्रुवारीत नवा फोन घेतल्यावर मास्टर पासवर्ड, म्हणजे ॲप उघडायचा मुख्य पासवर्ड, आठवेना. तो कंपनीकडेही नसतो, त्यामुळे मागणार कोणाकडे? "तो एक तरी कागदावर लिही रे," असं बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणून वाचलो. घराच्या कागदपत्रांच्या फायलीत, प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. आता त्यावर फोन हाताशी नसताना लॉगिनला लागणारे गूगलचे दहा बॅकअप कोडही आहेत, बॉलपेनने. आणि दर महिन्याला एकदा मास्टर पासवर्ड हाताने टाकतो.

बाबा स्वतः वहीवरच आहेत. त्यांची खाती चार, वही कधी घराबाहेर जात नाही. परदेशात बसलेला चोर काही आमच्या कपाटात हात घालणार नाही. मीही आग्रह सोडला. फक्त वहीवर ठळक अक्षरांत 'मोबाईल पासवर्ड' लिहिलं होतं, ते खोडून 'दूध हिशोब' करायला लावलं. परवा आईने त्यात खरंच दुधाचे पैसे मांडलेले सापडले.