वर्गाबाहेर पाठवायचं की कारण शोधायचं?

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये ढोलपथकांचा सराव सुरू होतो. तो आवाज वर्गात शिरला की एखादं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल कान दाबून ओरडतं, वही भिरकावतं. अशा वेळी शिक्षकांपुढे दोन मार्ग असतात.

पहिला, मुलाला बाहेर काढायचं. वर्ग लगेच शांत होतो. पण ढोल बाहेर जास्तच वाजतो! आणि गणित टाळायला वही फेकली असेल, तर मुलाला हवं तेच मिळतं. उद्या ते पुन्हा फेकणार. मारणं तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच बंद केलंय.

दुसरा, नोंद ठेवायची: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. हळूहळू कारण दिसू लागतं. मग ओरडण्याऐवजी ‘आवाज नको’, ‘थोडं थांबू’ अशी चित्रकार्डं दाखवायला शिकवायचं. सुरुवातीला कार्ड दाखवताच सुटका मिळायलाच हवी, नाहीतर ओरडणंच जास्त उपयोगी ठरतं. वागण्यामागचं कारण ओळखून तीच गोष्ट बोलून मागायला शिकवलं की असं वागणं कमी होतं, हे कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं.

भरलेल्या वर्गात हे जड जातं, तरी मी दुसराच मार्ग धरेन. मात्र वागणं अचानक बदललं, तर आधी दात, कान, पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या.