बेळगावात घेतलेली गेमिंग खुर्ची: दीर्घ बैठकीचा अनुभव

टिळकवाडीतील एका दुकानातून घेतलेली ही खुर्ची मी आणि माझा मुलगा दोघेही वापरतो, आणि दीर्घ बैठकीसाठी ती मला मनापासून पसंत आहे. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर राहते, पावले जमिनीवर सपाट टेकतात, त्यामुळे मांड्यांखाली दाब येत नाही; शिवाय कंबरेचा आधार वर-खाली सरकवता येतो. आवरण मुद्दाम कापडी निवडले. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात रेक्झिन पाठीला चिकटते आणि कालांतराने त्याचे पापुद्रे सुटतात. हातांचे आधार मात्र आत वळत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड वापरताना कोपरे बाहेर फाकतात. या किमतीत ही उणीव खटकते. दुकानदारांनी निवांत बसून पाहू दिले, याचे विशेष कौतुक वाटते.