भाच्याला शिकवायला घेतलेलं २०० अँपचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, आठ महिने वापरून

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, दुकानदाराकडे माझी उधारी अजून चालूच आहे. साडेसात हजाराला बसलं, सोबत रॉड धरायचा होल्डर, अर्थिंगचा क्लॅम्प आणि एक प्लॅस्टिकचा स्क्रीन, जो मी त्याच दिवशी कोपऱ्यात टाकला.

आधी कशासाठी घेतलं ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू नीट कळेल. शिरोलीच्या बाजूला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉलीचं रिपेरिंग असली कामं. बहिणीचा मुलगा १८ वर्षांचा, आयटीआयला वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड करतोय आणि पोराच्या हाताला देणगी आहे राव. दुसऱ्याच दिवशी ६ एमएमच्या पट्टीवर त्यानं अशी ओळ ओढली की गोधडीवरचे टाके वाटावेत, एकसारखे. मला हे जमायला दीड वर्ष लागलं होतं, खोटं कशाला बोलू. माझं जुनं ऑइलचं (तेलात थंड राहणारं) मशीन चार माणसं लागल्याशिवाय जागचं हलत नाही, म्हणून ह्याला घरी संध्याकाळी सराव करायला हे छोटं मशीन आणलं.

चांगलं काय ते आधी. एका हातात उचलून नेता येतं. घरातल्या मोठ्या प्लगवर १२ नंबरचा (अडीच एमएमचा) रॉड आरामात चालतो. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ज्योत, पटकन धरतो, आणि रॉड चिकटला तर मशीन आपोआप करंट पाडतं, त्यामुळे शिकाऊ पोरगं घाबरत नाही. पण इथंच एक गोम आहे. जुन्या मशीनवर रॉड चिकटला की लालभडक होतो, झटका देऊन सोडवावा लागतो, म्हणून हात आपोआप अंतर राखायला शिकतो. महिन्याभरानं मी त्याला जुन्या मशीनवर उभा केला तर अर्ध्या तासात तीनदा चिकटवला आणि तोंड पाडून बसला. संध्याकाळपर्यंत जमलं, पण तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस जुनंच मशीन हा नियम केलाय.

डीसी असल्यामुळे प्लस-मायनस पण त्याला शिकवता आलं, जुन्या एसी करंटच्या मशीनवर ती भानगडच नव्हती. पातळ पत्र्याला होल्डर मायनसला लावला की भोकं कमी पडतात, हे त्यानं स्वतः दोन्हीकडून करून बघितलं आणि तुकडे कापून मला दाखवायला आणले, सांगितलं नव्हतं तरी.

आता तक्रारी. सोबत आलेला अर्थिंगचा क्लॅम्प म्हणजे नुसता पत्रा, दहा मिनिटांत गरम होतो आणि आर्क नाचायला लागतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात हलतोय. पहिल्या आठवड्यात पितळी क्लॅम्प घ्या, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. डब्यावर ड्युटी सायकल ६० टक्के लिहिलीय, म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं काम. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तेवढं पण नाही निघत, १० नंबरचा (१२ पेक्षा जाड) रॉड लावला की मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागलाच. सरावाला चालतं कारण तेवढ्यात तो स्लॅग (वरची खपली) झाडून ओळ बघतो, अंडरकट (कडेची खाच) कुठं आला ते शोधतो, पण पोटापाण्याच्या कामाला हे मशीन नाही. आणि ग्राइंडर लांब मारा, मशीनचा पंखा लोखंडाची धूळ आत ओढतो. आमचा पठ्ठ्या तीन फुटांवर मारत होता, चांगलाच ओरडलो.

सगळ्यात मोठी तक्रार अँपचा आकडा दाखवणाऱ्या डिस्प्लेची. जुलैत एकदा म्हणाला, "मामा, ९० लावलंय पण ८० सारखं वाजतंय." मी म्हटलं, "आकडा समोर दिसतोय की रे, कान कशाला लावतोस!" तो गप्प बसला पण तोंडावरून कळत होतं पटलं नाही. शेवटी शेजारच्या वर्कशॉपमधून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला, आपला साधा मीटर इथं कामाचा नाही. डिस्प्लेवर ९०, मीटरवर ७६. वीस वर्षं काम करतोय मी, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं! दुकानदार म्हणतो तेवढा फरक चालतोय. त्याला चालत असेल, पण नव्या माणसाला चार्टवरनं अँप लावून पेनिट्रेशन मिळालं नाही, म्हणजे रस आतपर्यंत गेला नाही, तर तो दोष स्वतःच्या हातालाच देणार ना. त्या दिवशी डिस्प्लेवर काळी चिकटपट्टी मारली आणि त्याला सांगितलं, आवाज ऐक, वितळलेला रस बघ आणि नॉब फिरव. तेव्हापासून त्याची उभी वेल्डिंग एकदम सुधारली.

जाता जाता, ऑटो हेल्मेट (आर्क लागला की काच आपोआप काळी होते ते) पण घेतलं सोळाशेला, आणि ते आधीच घ्यायला हवं होतं. "नुसता टाका तर मारायचाय" म्हणून त्यानं डोळे मिटून टॅकिंग केलं, रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होऊन बसला आणि बहिणीच्या शिव्या मला. हातातला स्क्रीन वर-खाली करायचा कंटाळा येतो म्हणून पोरं असलं करतात. हेल्मेटमध्ये आर्क लागायच्या आधी पण जागा दिसते, दोन्ही हात मोकळे राहतात, १२ नंबरच्या रॉडला काचेचा काळेपणा (शेड) १० वर ठेवतो.

मशीनला पाचपैकी तीन, हेल्मेटला पाच. शिकायला घेत असाल तर डिस्प्लेवाल्यापेक्षा साधं नॉबवालं बघा, स्वस्त पण पडेल. वॉरंटीचे चार महिने राहिलेत, डिस्प्लेसाठी नेऊन टाकावं म्हणतोय, पण भाचा म्हणतो राहू दे मामा, पट्टी काढायला नको.