जुनी गाडी घेतल्यावर निघणारी कामे : कंपनीचे वर्कशॉप की तालुक्याचे गॅरेज?

वापरलेली मोटार घरी आली की पहिल्या काही महिन्यांतच तिची कामे निघू लागतात, आणि त्यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. गाडी विकायची ठरली की मालक खर्चाची कामे पुढे ढकलतो, हा मनुष्यस्वभाव झाला. शिवाय पुण्यात किंवा नागपुरात डांबरी रस्त्यावर फिरलेली गाडी विदर्भातील दारव्हा, मूर्तिजापूर किंवा एटापल्लीच्या बाजूला आली, की तिचे आयुष्यच पालटते. पांदण रस्त्यावरचे हादरे, काळ्या मातीचा चिखल, कापूस वेचणीच्या दिवसांतली धूळ आणि मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांवरचे ऊन यांमुळे, शहरात कदाचित वर्षभर दबून राहिला असता असा दोष येथे लवकर उघडा पडतो. अशा वेळी गाडी जिल्ह्याच्या ठिकाणच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी की तालुक्याच्या मिस्त्रीकडे द्यावी, हा प्रश्न नव्या मालकापुढे उभा राहतो. माझ्या मते गाडी कायमची एकाच ठिकाणी बांधून ठेवण्याऐवजी कामानुसार वाटणी करणे सोयीचे आणि स्वस्तही पडते. मात्र ही वाटणी सर्वांना सुचते तशी ‘मोठे काम कंपनीत, छोटे काम गावात’ अशी करता येत नाही.

तालुक्याच्या गॅरेजची बाजू सरळ आहे. मजुरी कमी लागते, गाडी बहुधा त्याच दिवशी परत मिळते, आणि मिस्त्री काय काढतो आणि काय बसवतो हे समोर उभे राहून पाहता येते. कंपनीच्या वर्कशॉपकडे निदानाचे संगणकीय यंत्र, त्या मॉडेलची माहितीपुस्तिका आणि खात्रीचे सुटे भाग असतात. पण तेथील मजुरीवर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि गाडी तिथवर न्यावी लागते. धारणी ते अमरावती हा मेळघाटातला घाटरस्ता किंवा गडचिरोली ते नागपूर हे सुमारे १७० किलोमीटरचे अंतर बिघडलेल्या गाडीने कापणे म्हणजे एका कामाची दोन कामे करून घेणे होय. त्यामुळे गाडी चालती असतानाच कंपनीत एकदा नेऊन आणावी आणि बिघडल्यावर शक्यतो जवळचा मिस्त्री गाठावा, असा क्रम मला योग्य वाटतो.

ती पहिली फेरी दुरुस्तीसाठी नसून माहितीसाठी असावी. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रणेत गाडीच्या नोंदणी क्रमांकावर किंवा चॅसिस क्रमांकावर जुन्या सर्व्हिसिंगची नोंद सापडते. मीटरवर साठ हजार किलोमीटर दिसत असतील आणि तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत नव्वद हजार लिहिलेले असतील, तर पुढची सगळी गणितेच बदलतात. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडवणारा पट्टा), क्लच, गिअरचे तेल यांची वेळ किलोमीटरवर ठरत असल्याने खोट्या मीटरवर विसंबून काढलेले वेळापत्रक फसवे ठरते. बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याची नोंदच मिळाली नाही, तर तो जुना समजून बदलून घ्यावा. बेल्ट तुटल्यावर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. टायमिंग चेन असलेल्या गाड्यांना ही भीती बरीच कमी असते. याच फेरीत आपल्या गाडीसाठी कंपनीने रिकॉल जाहीर केला होता का, हेही विचारून घ्यावे. उदाहरणार्थ, जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने इंधनपंपातील संभाव्य दोषासाठी १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो गाड्या परत बोलावल्या होत्या. असे काम कंपनी मोफत करून देते आणि मालक बदलला म्हणून ते नाकारले जात नाही. पण पहिल्या मालकाला कळवलेली सूचना दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे स्वतः विचारणे भाग आहे.

विदर्भात सर्वाधिक लक्ष मागणारी व्यवस्था म्हणजे इंजिन थंड ठेवणारी. रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप, होज आणि झाकण ही सगळी कामे तालुक्याचा मिस्त्री उत्तम करतो, कारण उन्हाळाभर त्याच्याकडे हीच कामे येत असतात. तरीही येथे दोन गोष्टींवर मालकाने अडून बसावे. पहिली थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेची. गाडी तापते म्हटल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि वाट मोकळी करून द्यायची, हा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. त्याने काट्याचे तापमान खाली येते हे खरे, पण इंजिन आपल्या योग्य उष्णतेला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जळते, झीज वाढते, आणि तुंबलेला रेडिएटर किंवा अधूनमधून बंद पडणारा पंखा हा मूळ दोष तसाच राहतो. विकत घेतलेल्या गाडीत तो आधीच काढलेला असण्याची शक्यताही धरून चालावे. हिवाळ्याच्या सकाळी बराच वेळ चालवूनही काटा वर येत नसेल तर ती पहिली खूण समजावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि ओतीव लोखंड यांना आतून गंज व क्षारांचा थर चढवणे होय. पट्ट्याबाहेरचे जड पाणीही फारसे भले करत नाही. तयार मिसळलेले कूलंट वापरावे किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी घालावे, आणि आधी भरलेले तांबूस पाणी पूर्ण काढून, आतली व्यवस्था धुऊनच ते भरावे. या कामाला कंपनी लागत नाही, मात्र काम होईपर्यंत तेथे उभे राहावे लागते.

सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्याबाबत तुलना फार रंगत नाही. येथे तालुका सरळ जिंकतो. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बरचे माउंट, ब्रेकचे पॅड आणि लायनर ही रोजच्या हातची कामे आहेत, आणि खड्ड्यांचा आवाज ओळखण्यात आपल्या भागातील मिस्त्रीचा कान शहरातल्या तंत्रज्ञापेक्षा अनेकदा तयार असतो. पुढच्या एक्सलचे रबरी बूट मात्र आवर्जून पाहून घ्यावेत. बूट फाटला की ग्रीस उडून जाते आणि चिखलाचे कण थेट सांध्यात शिरतात. बूट वेळीच बदलला तर किरकोळ खर्चात भागते, वळताना कटकट आवाज येऊ लागल्यावर सांधा किंवा अख्खा एक्सलच बदलावा लागतो. सस्पेन्शनच्या कामानंतर व्हील अलाइनमेंट तेवढे चांगल्या यंत्रावर करून घ्यावे. टायरच्या कडेवरील चार आकडी खूणही वाचावी: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला, पण सहा-सात वर्षांचा टायर गावातल्या गावात चालून जाईल. समृद्धी महामार्गावर तापलेल्या काँक्रीटवरून ताशी १२० च्या वेगाने तो पळवू नये.

एसीबाबत मी दोघांवरही पूर्ण विश्वास ठेवणार नाही. तालुक्यात पुष्कळदा गळती न शोधताच गॅस भरून दिला जातो आणि महिनाभरात तो पुन्हा उडतो. उलट वर्कशॉपमध्ये थेट महागडा भाग बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. त्याआधी केबिन फिल्टर आणि कंडेन्सरवर साचलेली धूळ स्वतः पाहावी. कित्येक गाड्यांत केबिन फिल्टर पहिल्या मालकाने एकदाही बदललेला नसतो आणि हवा कमी येते ती तेवढ्यामुळेच. खरेच गळती असेल तर दाब देऊन तपासणी आणि गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम करणारा एसीचा खास कारागीर शोधावा. तो कोणत्या पाटीखाली बसतो याला महत्त्व नाही.

विजेच्या कामात वाटणी सर्वांत स्पष्ट होते. बॅटरी आणि अल्टरनेटर गावातच तपासता येतात: गाडी बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणजे चार्जिंग ठीक आहे. सोयाबीन-तुरीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे निदान सर्वांत आधी तपासावे. एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इमोबिलायझरची (गाडीने ओळखली तरच इंजिन सुरू करणारी) किल्ली यांना मात्र कंपनीशिवाय हात लावू देऊ नये. एअरबॅगचा दिवा जळतो म्हणून तो दिवाच काढून टाकलेल्या गाड्याही बाजारात येतात. चावी फिरवल्यावर काही क्षण दिवा लागून विझतो की नाही, हे पाहिले की उलगडा होतो. इंजिनचा दिवा लागला असेल तर स्थानिक मिस्त्रीच्या साध्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्यायला हरकत नाही. कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सरच खराब असतो असे नव्हे. वायर, कनेक्टर किंवा हवेची गळती तपासल्याखेरीज भाग बदलू देऊ नये.

इंधनानुसार पारडे हलते. पेट्रोल गाडीचे बहुतेक काम तालुक्यात निभते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांत सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रबरी नळ्या व सील लवकर झिजू शकतात, म्हणून इंधनाचा वास आला तर त्या नळ्या आधी पाहाव्यात. कॉमन रेल डिझेलचे (सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन देणाऱ्या इंजिनाचे) इंजेक्टर आणि पंप मात्र चाचणीच्या बेंचवर तपासणाऱ्या मोठ्या शहरातील जाणकाराकडेच न्यावेत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक अडचण आहे: घर ते वावर आणि वावर ते बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या होत राहिल्या तर धुराचा फिल्टर काजळीने भरतो, कारण काजळी जाळून टाकण्यासाठी सलग आणि एकसारख्या वेगाने गाडी चालावी लागते. तो फिल्टर कापून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कायद्यात बसत नाही. ज्याचे रोजचे चालणे दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे जात नाही, त्याने अशी गाडी घेतली असेल तर कंपनीच्या वर्कशॉपशी संबंध तुटू देऊ नये.

सुट्या भागांत तिसराही मार्ग आहे. वाहन कंपनीला भाग पुरवणारे बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल यांसारखे उत्पादक तोच किंवा त्या तोडीचा भाग स्वतःच्या खोक्यात विकतात आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. असा भाग स्वतः आणून मिस्त्रीला द्यावा. काच, दरवाजा किंवा आरसा जुन्या मालातला चालेल. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंगचे भाग जुने कधीही घेऊ नयेत.

पावतीच्या मुद्द्यावर तालुक्याची बाजू उणी पडते. कंपनीच्या बिलात भागाचा क्रमांक आणि हमी लिहिलेली असते, तर गावात व्यवहार तोंडी होतो. काम फसले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण हातात कागद नसेल तर सिद्ध काय करणार? साध्या कागदावर का होईना, तारीख, किलोमीटर, बदललेले भाग आणि रक्कम लिहून मिस्त्रीची सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो खरा. वहीत सगळ्याच गाड्यांची नोंद ठेवतो असे सांगितले की तो बराच कमी होतो.

आरसी आणि विमा यांचे काम दुरुस्तीच्या आधी उरकावे. मोटार वाहन कायद्यानुसार विमा आपल्या नावे करण्यासाठी विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यातील फरक भरावा लागतो. पॉलिसीत रस्त्यावरील मदतीचे कलम जोडून घेतले, तर कुरखेड्याच्या किंवा चिखलदऱ्याच्या वाटेवर गाडी बंद पडल्यास ती उचलून नेण्याची सोय मागता येते. मात्र किती किलोमीटरपर्यंतचे टोइंग त्यात धरले आहे, हे पॉलिसी घेतानाच वाचून घ्यावे, कारण आपल्या गावापासून अधिकृत वर्कशॉप त्या मर्यादेपलीकडे असेल, तर अशा वेळी गाडी कोठे न्यायची हा निर्णय त्या आकड्यावरच ठरतो.