फक्त १९ हजार माइल चाललेली जॅग्वार एक्सजे-एस, आठ महिने वापरून

आपल्याकडच्या जाहिरातीत कसं असतं, डॉक्टरांनी वापरलेली, फक्त रविवारी बाहेर काढलेली. मी राहतो त्या इंग्लंडमध्येही तेच चालतं, फक्त डॉक्टरच्या जागी रिटायर्ड गृहस्थ आणि कव्हर घातलेलं गॅरेज. मी त्यालाच भुललो. १९८३ ची एक्सजे-एस एचई, ५.३ लिटर व्ही१२ म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, मीटरवर १९,४०० माइल, आतलं लेदर असं की वाटावं काल शोरूममधून आणली.

मायलेज खोटं नव्हतं बरं का. इथे एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा जुना रेकॉर्ड ऑनलाइन फुकट बघता येतो आणि त्यात दरवर्षीचं मीटर रीडिंग असतं. तिथे दिसलं की गाडी १३ वर्षांत जेमतेम ८०० माइल चालली होती. मी खूश झालो. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं की ही जपलेली नाही, नुसती उभी ठेवलेली गाडी आहे.

टायरपासून सुरुवात झाली, नक्षी एकदम नवी पण बाजूला चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष, तो बघितला तर टायर २००३ चे निघाले, नखाने दाबलं की बारीक भेगा उघडायच्या. चारही बदलले. दुसऱ्या आठवड्यात सकाळी गॅरेज उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. बॉनेट उघडलं (त्याची बिजागरी पुढच्या बाजूला असते, म्हणजे उलटं उघडतं), टॉर्च मारली आणि सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीतली पेट्रोलची नळी बोटाने जरा वाकवली, तर शिळ्या भाकरीसारखी तडकली. त्या खोबणीत उष्णता भयंकर असते, या गाड्या पेटल्याचे किस्से ऐकून होतो, ते उगाच नाहीत हे तेव्हा कळलं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, मग कूलंटच्या पण, कारण हे इंजिन एकदा जास्त तापलं की हेडमधली व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) सुटू शकते आणि मग खर्च विचारू नका.

तरी गाडी आळशीच. व्ही१२ आहे म्हणून कौतुकाने बसावं आणि चढावर रिक्षाने मागे टाकावं अशी गत. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढायला लावली. आतला फिरणारा रोटर हाताने थोडा फिरवून सोडला की स्प्रिंगने परत यायला हवा. आमचा हललाच नाही. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं, त्यामुळे इग्निशन अ‍ॅडव्हान्सच मिळत नव्हता, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी जरा आधी पडायला हवी ती पडत नव्हती. साफ केलं, तेलाचे दोन थेंब, आणि अक्षरशः दुसरी गाडी. गाडी रोज चालत असती तर ते तेल कोणीतरी वेळेवर टाकलंच असतं ना.

आता पेट्रोल. एचई म्हणजे हाय एफिशियन्सी, १९८१ ला मायकेल मे या स्विस इंजिनियरच्या डिझाइनचं हेड बसवलं तेव्हाचं नाव. एफिशियन्सी हा शब्द जपून घ्यावा 😄 गावात मला लिटरला साडेचार किमी मिळतात, मोटरवेवर सहाच्या थोडं वर. आपल्याकडे ई२० वरून जो गोंधळ चाललाय तसा इथे २०२१ ला साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं तेव्हा झाला. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून मी महागडं सुपर ई५ च (जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉलवालं) टाकतो. ४० वर्षांवरची असल्यामुळे रोड टॅक्स शून्य आणि एमओटीची सक्ती नाही. तरी मी एमओटी करून घेतो, तुम्हीही करा, खालचा गंज दुसरं कोण बघणार.

आणि इतकं सगळं करून? ऑक्टोबरात स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोला गेलो, आधी एम६ मोटरवे, पुढे लॉक लोमंड तळ्याच्या कडेचा ए८२ रस्ता. ताशी सत्तर माइलच्या स्पीडला इंजिनाचा आवाजच नाही, नुसता वारा, सस्पेन्शन असं की खड्डा आला हे फक्त कानाला कळतं. सहा तास चालवून पाठ दुखली नाही, माझी रोजची नवी गाडी दोन तासांत दुखवते. ग्रँड टूरर कशाला म्हणतात ते त्या दिवशी समजलं. मागच्या सीटवर मात्र माणूस मावत नाही, बॅगाच ठेवा. सांगलीहून बाबा आलेले, मागे बघून म्हणाले, "इथं काय मांजर बसवायचं?" मग बॅज बघून, "टाटांचीच ना ही?" म्हटलं बाबा, टाटांनी कंपनी २००८ ला घेतली, ही ब्रिटिश लेलँड या सरकारी कंपनीच्या काळातली आहे. "मग तरीच एवढं पेट्रोल पिते."

परत घ्यायची झाली तर ७०-८० हजार माइलवाली, दरवर्षी चाललेली, बिलांची जाड फाइल असलेली बघेन. १९ हजारांच्या आकड्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले आणि त्यावर जवळपास साडेचार हजार पौंड रबर बदलण्यात, गंज काढण्यात आणि लेबरमध्ये घातले. घ्यायला जाणाऱ्यांनी निदान टायरचा कोड, नळ्या आणि तो रोटर बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

मीटर आता २४,०६० वर आहे. मागच्या ब्रेकचं काम बाकी आहे, डिस्क चाकापाशी नसून आत डिफरन्शियलला चिकटून आहेत, त्या बदलायला मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. एप्रिलची तारीख मिळालीये, बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.