उपजत की कमावलेली? प्रतिकारशक्तीच्या दोन तऱ्हा

बोटात काटा रुततो. काही तासांत तिथे लाली येते, ठणका लागतो, जागा गरम लागते. ही उपजत प्रतिकारशक्ती. जंतू ओळखण्याची तिची साधनं ठरावीक, आईवडिलांच्या जनुकांतून तयार मिळालेली. जंतूंच्या खाणाखुणा हेरणारे टोल-सदृश ग्राही माणसात अवघे १० प्रकारचे. पण धावून येण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

दुसरी, कमावलेली, पहिल्या गाठीला संथ. जोर धरायला आठवडाभर तरी घेते. मला मात्र खरं नवल हिचंच वाटतं. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं साधारण २०,००० आणि प्रतिपिंडांचे, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचे, प्रकार कोट्यवधी. हा हिशेब जुळतो कसा? जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी तो उलगडला, १९८७ चं नोबेल त्यासाठीच. प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक बी पेशी घडताना स्वतःच्या डीएनएचे तुकडे कापते, दोन टोकं जोडते, मधलं टाकून देते. सांध्यावर डीएनएची काही अक्षरं कमीजास्त होतात ती वेगळीच. म्हणून एकसारख्या जुळ्यांचीही प्रतिपिंडं तंतोतंत सारखी नसतात. ही कमाई पुढच्या पिढीला जनुकांतून जात नाही. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, पण काही महिनेच पुरतात.

मग श्रेष्ठ कोण? स्मरणशक्ती दुसरीची, हे खरं. तरी पहिलीने हाक दिल्याशिवाय ती नीट जागीच होत नाही. अनेक लसींत ॲल्युमिनियमचे क्षार घालतात, ते आधी पहिलीलाच चेतवतात.