इसारपत्रातला प्लॉट, जो मंजूर नकाशात नव्हता

नागपूरभोवती, विशेषतः वर्धा रोड, हिंगणा आणि उमरेड रोडच्या पट्ट्यात, लेआउट पाडून प्लॉट विकण्याचा धंदा मोठा आहे. त्यातले अनेक व्यवहार सरळ असतात, म्हणूनच वाकडा व्यवहार चटकन ओळखू येत नाही. आमच्या कुटुंबाने 2021 मध्ये उमरेड रोडकडील एका लेआउटमधील दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट बारा लाखांना ठरवला. चार लाख इसार दिला आणि उरलेली रक्कम आर.एल. (प्लॉट विक्रीला मोकळा झाल्याचे प्राधिकरणाचे पत्र) आल्यावर, मार्च 2022 अखेर, रजिस्ट्रीच्या दिवशी द्यायची असे इसारपत्रात लिहिले गेले. इसारपत्र शंभर रुपयांच्या स्टँपवर होते आणि त्यावर नोटरीचा गोल शिक्का होता.

विक्रेत्याने दिलेल्या रंगीत पत्रकावर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक छापलेला होता आणि तो खराही होता. खोटा होता तो पत्रकातला नकाशा. महारेराच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाखाली लेआउटचा मंजूर नकाशा ठेवलेला असतो. तो उघडून पत्रकाशेजारी धरला तेव्हा रस्ते, वळणे, कोपऱ्यावरची विहीर सगळे तंतोतंत जुळले, फक्त मंजूर नकाशात प्लॉट 64 वर संपत होते आणि पत्रकात 72 पर्यंत होते. आमचा 71 क्रमांक जिथे दाखवला होता तिथे मंजूर नकाशात ‘खुली जागा’ असे लिहिलेले होते. म्हणजे मुलांच्या मैदानासाठी सोडलेल्या जमिनीवर आठ प्लॉट आखून ते विकण्यात आले होते. सातबारा मागितला की विक्रेता तो लगेच दाखवत असे, कारण जमीन खरोखर त्याच्याच नावावर होती. सातबाऱ्यावरून मालक कळतो, प्लॉट अस्तित्वात आहे की नाही हे कळत नाही.

नोटरीच्या शिक्क्याने प्लॉटवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या विक्रीपत्राने. शिवाय रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आमच्या बाबतीत ती मर्यादा एक लाख वीस हजार होती, आणि ‘एवढ्यावर प्लॉट अडवून ठेवता येणार नाही’ म्हणून चार लाख मागण्यात आले, तेव्हाच कायद्याचा भंग झाला होता.

पुढचा काळ ‘भाऊ, आर.एल. आलंच समजा’ यात गेला. हे आश्वासन फुकटचे नसते. रजिस्ट्रीची तारीख ठरलेली असेल तर करारपूर्तीचा दावा दाखल करण्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासूनच धावू लागते, आणि विक्रेत्याची गोड बोलणी ती थांबवत नाहीत. नकाशाचा विषय काढल्यावर त्याने 2023 मध्ये चार लाखांचा चेक दिला. वर, ‘आत्ता टाकू नका, एक पार्टी येतेय’ अशी विनंतीही केली. चेकची वैधता तीन महिन्यांची असते, आणि ती संपली की परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याबद्दल फौजदारी खटला करण्याची, वाट बंद होते, हे त्याला चांगलेच ठाऊक असावे. आमच्या वकिलांनी चेक ताबडतोब बँकेत भरायला लावला. खात्यात शिल्लक नसल्याच्या मेमोसह तो परत आला. बँकेकडून हे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरण्यासाठी पंधरा दिवस मिळतात आणि ते उलटल्यावर महिन्याभरात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. नोटीस पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टाने पाठवावी, कारण ‘मला मिळालीच नाही’ हा बचाव ठरलेला असतो.

पोलीस ठाण्यात आधी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असेच उत्तर मिळाले. मैदानावरचे प्लॉट घेतलेले आणखी खरेदीदार भेटले आणि सर्वांची इसारपत्रे मंजूर नकाशासह एकत्र ठेवली गेली, तेव्हा सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले. प्रकार भारतीय न्याय संहिता लागू होण्यापूर्वीचा, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्याने गुन्हा जुन्या दंड संहितेच्या कलम 420 खाली नोंदवला गेला. चेकचा खटला स्वतंत्रपणे चालू आहे. त्यात न्यायालय चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते आणि तसा अर्ज आम्ही केला आहे. उमरेड रोडकडील एखाद्या लेआउटमध्ये कोणी इसार दिला असेल, तर त्यांनी आपला प्लॉट क्रमांक मंजूर नकाशात आहे का हे आजच पाहावे, आणि नसेल तर परताव्याचा चेक हाती असताना कोणाच्याही विनंतीवरून तो घरात ठेवू नये.